मशीनला अनुदान मिळालं, काजू बीचं काय?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेतून मी काजू प्रक्रियेसाठी कर्ज घेतलं आणि त्याचं अनुदानही मंजूर झालं. तेव्हापासून आमच्या वेंगुर्ला तालुक्यात कुठे हळदीकुंकवाला गेले तरी कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतंच, "वैनी, खरोखर पैशे गावतत काय?" गावतात, म्हणजे मिळतात. पण ते कुठल्या वाटेने येतात, कुठे अडकतात आणि कशासाठी अजिबात येत नाहीत, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी योजना थोडक्यात. २०२० च्या जूनमध्ये ती सुरू झाली. सुरुवातीला पाच वर्षांसाठी १०,००० कोटी रुपये, त्यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. आपल्याकडे कृषी विभाग ती राबवतो. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. आपण स्वतःचे किमान १० टक्के घालायचे आणि बाकीचं बँकेचं कर्ज. म्हणजे बँकेने कर्ज दिलं नाही तर अनुदानही नाही. हे वाक्य कागदावर एका ओळीत येतं, प्रत्यक्षात सगळी धावपळ त्याच ओळीत आहे.

आमच्याकडे काजू आला तोसुद्धा सरकारी पैशातूनच. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी सांगड घालून फळबाग लागवडीची योजना आणली. लहान शेतकऱ्याला लागवडीचा खर्च शंभर टक्के. घरामागच्या वरकस डोंगरावर, जिथे पूर्वी नाचणी आणि वरी व्हायची, तिथे माझ्या सासऱ्यांनी वेंगुर्ला-४ ची कलमं लावली. ही जात आमच्या उशाशीच, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेली. खड्डे खणायची मजुरी घरच्याच माणसांना मिळाली. पुढच्या वर्षीचा हप्ता मात्र कलमं जगली असतील तरच. कृषी खात्याचा माणूस डोंगर चढून यायचा, जिवंत कलमं मोजायचा आणि मगच पैसे निघायचे. सासरे त्या मोजणीच्या आठवणी अजून सांगतात, कारण उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येकाने कळशीने पाणी वाहून ती कलमं जगवली होती. सरकारी पैसा कसा खर्च व्हावा असं कोणी विचारलं तर मी त्या योजनेकडे बोट दाखवीन. कामाला दाम, झाड जगलं तर पुढचा दाम, आणि मधे कुणाची सही अडलेली नाही.

त्या पैशाने कोकणातले कितीतरी उजाड डोंगर हिरवे झाले. पण तो बी पिकण्यापाशी थांबला. बी पिशवीत भरून व्यापाऱ्याच्या काट्यावर जायची आणि तिथून पुढचा सगळा नफा गावाबाहेर. १०० किलो चांगली बी फोडली की साधारण २५ किलो गर निघतो. वेंगुर्ल्याच्या जातींमध्ये त्याहून थोडा जास्तही. बीचा आणि गराचा भाव शेजारी शेजारी लिहून बघा, म्हणजे फोडण्या-सोलण्याच्या कामात किती मजुरी आणि किती नफा आहे ते कळेल. तेच काम गावात व्हावं एवढीच माझी इच्छा होती. मी आणि सासूबाई दोन साध्या कटरवर आधीपासून थोडी बी फोडतच होतो, ओळखीच्या चाकरमान्यांना गर विकत होतो. योजनेच्या नावात 'उन्नयन' आहे ते अशाच चालू घरगुती उद्योगांसाठी.

२०२२ मध्ये गावातल्या कृषी सहायकांनी माहिती दिली आणि जिल्हा संसाधन व्यक्तीचा नंबर दिला. या व्यक्तीबद्दल मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. प्रकल्प अहवाल तयार करणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं, परवाने काढायला मदत करणं ही त्यांची कामं. त्याचं मानधन त्यांना सरकार देतं, कर्ज मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे २०,००० रुपये. आपण त्यांना काहीही द्यायचं नसतं. तालुक्याच्या गावी बाहेर फलक लावून 'अनुदान मिळवून देतो' म्हणत टक्केवारी मागणारे बसले आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. आम्हाला लाभलेले गृहस्थ कसलेले होते. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, शेड कोणाच्या नावावर आहे?" मला तेव्हा प्रश्नाचं वजन कळलं नाही.

कागद सांगायचे तर आधार, पॅन, बँकेचं सहा महिन्यांचं विवरण, वीजबिल, मशीनची कोटेशनं, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद (ती फुकट होते, पैसे देऊ नका) आणि अन्न परवाना. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर आमच्या वेळी नुसती नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये फी. हे सगळं पंधरवड्यात गोळा होतं. जे होत नाही ते जागेचं.

कोकणात राहणाऱ्याला हे फोड करून सांगायला नको. आमचं घर, पडवी, खळं, गोठा सगळं सामायिक. घरपत्रकावर सासऱ्यांचं नाव, त्यांच्या भावांची नावं, आणि जे भाऊ वारले त्यांच्या मुलांची नावं. राहतो आम्हीच, घरपट्टीही आम्हीच भरतो, पण कागदावर घर नऊ जणांचं. बँकेला त्या सगळ्यांचं संमतीपत्र हवं होतं, स्टँपपेपरवर, नोटरी केलेलं. नऊपैकी सहा जण मुंबईकडे, भांडुपपासून विरारपर्यंत.

फोनवर कोणी नाही म्हणालं नाही. पण हो म्हणणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर अंगठा-सही देणं वेगळं. शेवटी आम्ही गणपतीची वाट पाहिली. चतुर्थीला सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर माझ्या पतीने माजघरात कागद काढला. मुंबईच्या काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "सही करतंय गो, पण उद्या बँकेचो माणूस इलो नि घराक कुलूप लावल्यान तर?" प्रश्न अगदी रास्त होता. आयुष्यभर गिरणीत आणि नंतर पहाऱ्याच्या नोकरीत काढलेल्या माणसाची गावातली एकमेव मालमत्ता म्हणजे त्या घरातला नववा हिस्सा. मी त्यांना सांगितलं की घर तारण जात नाही, मशीन तारण राहतं. संमती फक्त गोठ्याची जागा वापरण्यापुरती आहे. त्यांनी ते वाक्य कागदावर लिहायला लावलं आणि मग सही केली. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनी केल्या. एक चुलत दीर त्या वर्षी आले नव्हते, त्यांच्यासाठी पती कागद घेऊन नालासोपाऱ्याला जाऊन आले.

ज्यांच्याकडे गणपतीला सगळे जमत नाहीत, किंवा जमतात पण बोलत नाहीत, त्यांचा अर्ज इथेच संपतो. आमच्याच वाडीतल्या दोघींचा संपला. योजना सगळ्या देशासाठी एका मापाची आहे. कोकणातल्या सामायिक जमिनीचं माप तिला ठाऊक नाही. ग्रामपंचायतीचा ताबा-वहिवाटीचा दाखला आणि घरपट्टीच्या पावत्या ग्राह्य धरल्या तर शेकडो घरांचा प्रश्न सुटेल, असं मला मनापासून वाटतं. कारण इथे मशीन बसवायची आहे, जमीन विकायची नाही.

अर्ज ऑनलाइन गेला, ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा समितीने शिफारस केली आणि प्रकरण बँकेत आलं. १० लाखांचा प्रकल्प. त्यात आमचे १ लाख, कर्ज ९ लाख, अनुदान साडेतीन लाख. शाखेत प्रकरण बरेच दिवस तसंच राहिलं. मग एके दिवशी मशीनशिवाय वेगळं तारण काय देता म्हणून विचारणा झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला असं वेगळं तारण मागू नये हा रिझर्व्ह बँकेचा नियम संसाधन व्यक्तींनी छापून आणला होता. तो कागद टेबलावर ठेवला, नम्रपणे बोललो, विषय मिटला. पण ज्या बाईजवळ तो कागद नसेल तिचं काय होत असेल?

त्या शाखेतल्या तरुण अधिकारी मॅडम शेड बघायला आल्या तेव्हा चहा घेताना मोकळेपणाने बोलल्या. म्हणाल्या, "इथे ठेवी भरपूर आहेत, कर्ज मागायला कोणी येत नाही. आणि आलं की कागद पुरे नसतात." मुंबईहून येणारा पैसा, पेन्शन, नोकरदार मुलांनी आईवडिलांच्या नावे ठेवलेली रक्कम, सगळं गावच्या शाखेत जमा होतं आणि तिथून कर्जरूपाने दुसरीकडे जातं. ग्रामीण शाखांनी ठेवींच्या निदान ६० टक्के कर्ज द्यावं अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. म्हणजे गावाजवळ पैसा नाही असं नाही, तो गावात गुंतत नाही. मागासलेपण मोजताना हे निसटतं. १९८४ च्या दांडेकर समितीने जिल्हावार अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजला, त्यात कोकणही होतं. पण पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भ आणि मराठवाड्याला आपापलं मंडळ मिळालं आणि आम्ही 'उर्वरित महाराष्ट्रा'त, पुण्या-कोल्हापूरच्या पंगतीत. पुण्याच्या सरासरीत आमच्या वाडीचा गोठा कुणाला दिसणार?

मंजुरी आली ती मार्च तोंडावर असताना. आणि मार्चमध्ये बँकेत नवीन काम होत नाही, मार्च एंडिंग असतं. सरकारी कार्यालयांतही तेच. आमच्याकडे काजूची बी नेमकी त्याच वेळी येते, फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत. वर्षभर फोडायची बी या तीन महिन्यांत घेऊन, वाळवून, साठवून ठेवावी लागते. पैसे सुटले, पुरवठादाराच्या खात्यावर परस्पर गेले, कुकर, कटर, ड्रायर, सोलणी यंत्र आणि व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन उतरलं, तोवर मे संपत आला होता. मग थ्री-फेज जोडणी. खांब वाढवावे लागतील असं वीज कार्यालयाने सांगितलं, त्याचा खर्च आमच्याच खिशातून गेला. तेवढ्यात मृग लागला. मशीन तयार, वीज आली, हप्ते सुरू होणार, आणि फोडायला बी नाही.

पहिलं वर्ष आम्ही दुसऱ्या कारखानदाराची बी मजुरीवर फोडून दिली. कर्जाच्या हप्त्यांपुरते पैसे सुटले, हाती फार राहिलं नाही. बायकांचे हात मात्र बसले. हे काम बघितल्याशिवाय कळत नाही. वाफवलेली बी रात्रभर निववायची, दुसऱ्या दिवशी कटरच्या दोन पात्यांमध्ये एकेक ठेवायची, पायाने दाब द्यायचा आणि हाताने दांडा फिरवायचा, टरफल दुभंगतं. दाब कमी झाला तर फुटत नाही, जास्त झाला तर अख्ख्या गराची पाकळी होते आणि भाव पडतो. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, म्हणून हातमोजे आणि वर खोबरेल. ड्रायरमधून आलेल्या गराची साल सोलून प्रतवारी करायची. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३२० गर, डब्ल्यू-२४० त्याहून मोठे. सराव झालेल्या बाईला मोजावं लागत नाही, बोटांनी कळतं. आमच्याकडे कटरवर बसणारी एक ताई पूर्वी आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जायची आणि बाकी वर्षभर घरी. ती म्हणते, "हात काळे जातत, पण घरचा बघून काम करूक गावता." बारमाही मजुरी वाडीत मिळणं याची किंमत अनुदानाच्या कुठल्या रकान्यात बसत नाही, पण माझ्या लेखी योजनेचं खरं फळ तेच आहे.

अनुदानाबद्दलही स्पष्ट सांगते, कारण गैरसमज फार. साडेतीन लाख आपल्या हातात येत नाहीत. कर्ज वाटप झाल्यावर बँक मागणी पाठवते, रक्कम येते आणि आपल्या कर्जाच्या जोडीला वेगळ्या खात्यात ठेवली जाते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित राहिलं आणि उद्योग चालू असला तरच ती रक्कम कर्जात वळती होते. ही अट मला पटते. सासऱ्यांची जिवंत कलमं मोजणारा माणूस आणि ही तीन वर्षं, दोन्हींत हेतू एकच आहे. पण कलमं जगवायला तेव्हा पाणी लागत होतं आणि ते विहिरीत होतं. उद्योग जगवायला बी लागते, आणि बीसाठी या योजनेत पैसा नाही.

हिशेब बघा. दिवसाला ८० किलो बी फोडायची, वर्षाला २०० दिवस काम, म्हणजे १६,००० किलो बी. किलोला ११० रुपये धरले तर साडेसतरा लाखांच्या वर. मशीन १० लाखांची आणि बी साडेसतरा लाखांची, तीही तीन महिन्यांत रोखीने. अनुदान मशीनवर आहे. खेळत्या भांडवलावर नाही. शाखेने कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, मागणीच्या एक तृतीयांश दिलं, कारण मागच्या वर्षीची उलाढाल कमी. उलाढाल कमी, कारण बी नव्हती. या चक्रातून बाहेर पडायला मला बचत गटाने हात दिला. याच योजनेत अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. ते गटामार्फत कर्ज म्हणून मिळतं आणि परतफेड पुन्हा गटाकडेच राहते. आमच्या गटातल्या फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांनी ते घेतलं, त्यातून स्वतःच्या आणि शेजारच्या बागांतली बी घेतली, माझ्या शेडमध्ये फोडली. दुसरा हंगाम त्यावर निघाला. ज्यांना एकट्याने एवढी उडी झेपत नाही, त्यांनी गटाकडून सुरुवात करावी असं मी आता सांगते.

या मधल्या काळात घोषणा कमी झाल्या नाहीत. आधी चांदा ते बांदा ही योजना होऊन गेली होती, तिच्यानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी सिंधुरत्न समृद्ध योजना आली. २०२३ च्या अर्थसंकल्पात काजू फळ विकास योजनेला पाच वर्षांसाठी १,३२५ कोटी जाहीर झाले, काजू मंडळही झालं. २०२४ मध्ये बीला किलोमागे १० रुपये अनुदान द्यायचं ठरलं, पण त्याला विक्रीची पक्की पावती हवी, आणि दारावर आलेल्या व्यापाऱ्याला बी घालणाऱ्या म्हातारीला पावती कोण देतो? मी निदान माझ्याकडे बी घालणाऱ्या प्रत्येकाला पावती देते.

मला विचाराल तर यापुढचा पैसा गोदामात घालावा. साधं, उंच जोत्याचं, ओल न येणारं गोदाम, दर तीन-चार गावांमागे एक. आमच्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. घरात ठेवलेल्या बीला बुरशी येते, म्हणून मेअखेर शेतकरी मिळेल त्या भावाला ती काढून टाकतो आणि आम्हालाही सगळी एकदम घ्यावी लागते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना काजू बीलाही लागू आहे. बी गोदामात ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची आणि भाव आल्यावर विकायची. ती बाजार समितीमार्फत चालते, आणि गोदाम जवळ नसेल तर शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. गोदाम असेल तर शेतकरी घाईत विकणार नाही, आणि माझ्यासारखीला महिन्याला लागेल तेवढीच बी विकत घेता येईल. साडेसतरा लाख एकदम उभे करायची गरजच राहणार नाही.

शाळेच्या मागची पडीक जागा त्यासाठी द्यावी असा ठराव आम्ही बचत गटातर्फे ग्रामसभेत मांडला आणि तो मंजूर झाला. आता तो पंचायत समितीकडे गेला आहे. जागेच्या सातबाऱ्यावर एकट्या ग्रामपंचायतीचं नाव आहे, त्यामुळे संमतीपत्रांचा प्रश्न येणार नाही. अंदाजपत्रक मार्चच्या आत व्हावं म्हणून आम्ही दर आठवड्याला विचारायला जातो आहोत.